लिनक्सवर बिघडलेली फाइल सिस्टीम: आधी पाहणी, मग कॉपी, दुरुस्ती शेवटी

कॉम्प्युटर सुरू करावा आणि डेस्कटॉपऐवजी काळ्या पडद्यावर 'इनिटरॅमएफएस' एवढाच शब्द दिसावा, म्हणजे लिनक्सवर नव्याने आलेल्या माणसाची पाचावर धारण बसते. मग तो मोबाइलवर शोधाशोध करतो, पहिली सापडेल ती कमांड टाकतो आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणत सुटतो. बहुतेक वेळा हे निभावून जातं. ज्या वेळी निभावत नाही, त्या वेळी मात्र डिस्कवर जे शाबूत होतं तेही हातचं जातं. म्हणून या लेखात दुरुस्तीची कमांड जरा उशिरा येते. तिच्याआधी करायच्या गोष्टी जास्त मोलाच्या आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. एफएससीके या साधनाचं काम फाइल सिस्टीमच्या, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे हे सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, नोंदी एकमेकींशी जुळवणं एवढंच आहे. तुमचा डेटा परत आणणं हे त्याचं काम नाही. एखादी फाइल काढून टाकल्याने नोंदी जुळत असतील, तर ते ती फाइल काढून टाकेल आणि त्याच्या हिशेबी दुरुस्ती व्यवस्थित पार पडलेली असेल.

इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन लिपीत करायच्या. सुडो, माउंट, डेव्ह, ग्रेप यांसारखे शब्द उच्चाराप्रमाणे वाचा आणि एफएससीके, एलएसबीएलके यांसारखी नावं एकेक अक्षर सुटं धरून. सगळी अक्षरं लहान लिपीतली. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

बिघाड होतो कसा

तुम्ही एक फाइल सेव्ह करता तेव्हा डिस्कवर तीन-चार ठिकाणी लिहिलं जातं. फाइलचा मजकूर ब्लॉकमध्ये जातो. ती फाइल कोणाची, किती मोठी, कोणत्या ब्लॉकमध्ये आहे ही माहिती आयनोडमध्ये जाते. फोल्डरमध्ये तिचं नाव आणि आयनोडचा क्रमांक यांची जोडी लिहिली जाते. आणि ते ब्लॉक आता मोकळे नाहीत, अशी खूण बिटमॅपमध्ये होते. यातली दोन कामं झाली आणि वीज गेली, तर नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. बिघाड म्हणतात तो हाच.

१९९३ साली आलेल्या ईएक्सटी२ या लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये यावर एकच उपाय होता, तो म्हणजे सगळी डिस्क तपासणं. डिस्क मोठ्या होत गेल्या तशी ही तपासणी तासन्तास चालू लागली. २००१ मध्ये ईएक्सटी३ लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आली आणि तिच्यासोबत जर्नल आलं: आपण काय बदलणार आहोत ते आधी एका राखीव जागी लिहायचं, मग प्रत्यक्ष बदल करायचा. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी जर्नल वाचून काम पूर्ण केलं जातं. आज अनेक डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या निरनिराळ्या रूपांमध्ये) आपोआप निवडली जाणारी ईएक्सटी४ सुद्धा असंच करते, आणि ते काही सेकंदांत उरकत असल्याने तुमच्या लक्षातही येत नाही.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. साधी वीज जाणं जर्नल सहसा निभावून नेतं. त्यामुळे जर्नल असूनही कॉम्प्युटर हाताने तपासणी करा म्हणून अडून बसला असेल, तर मागे दुसरं काही कारण असण्याची दाट शक्यता आहे: मरणपंथाला लागलेली डिस्क, सैल केबल, खराब रॅम, लिहिणं चालू असताना उपटलेला पेन ड्राइव्ह. ते कारण तसंच ठेवून फाइल सिस्टीम दुरुस्त केली, तर चार दिवसांनी पुन्हा तिथेच याल.

लक्षणं ओळखा

चालू कॉम्प्युटरवर अचानक कुठलीच फाइल सेव्ह होईना आणि 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम' असा संदेश आला, तर कर्नलला ईएक्सटी४ मध्ये गडबड दिसली आहे आणि आणखी नुकसान नको म्हणून त्याने लिहिणं बंद केलं आहे. 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग' हा संदेश तर सरळच बिघाडाची वर्दी देतो. फोल्डरची यादी काढल्यावर फाइलच्या नावापुढे आकार, तारीख यांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर नाव आहे पण आयनोड वाचता येत नाही, असं समजा.

'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' हे मात्र बिघाडाचं लक्षण नाही. आधी 'डीएफ -एच' ने जागा आणि 'डीएफ -आय' ने आयनोड पाहा. लाखो बारीक फाइल असल्या की जागा शिल्लक असूनही आयनोड संपतात.

पहिली पायरी: लिहिणं थांबवा

पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करू नका. प्रत्येक वेळी सिस्टीम लॉग लिहिते, तात्पुरत्या फाइल बनवते, आणि तुम्हाला हव्या असलेल्या ब्लॉकवरच नेमकं काहीतरी लिहिलं जाऊ शकतं. डिस्क अजून वाचता येत असेल तर महत्त्वाच्या फाइल आत्ताच दुसऱ्या डिस्कवर घ्या. कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर दुसऱ्या मशीनवर लाइव्ह यूएसबी (जिच्यावरूनच लिनक्स चालतं अशी पेन ड्राइव्ह) तयार करून तिच्यावरून सुरू करा. पुढची जवळजवळ सगळी कामं लाइव्ह यूएसबीवरून करणंच सोयीचं आहे.

दुसरी पायरी: नेमकं पार्टिशन कोणतं

सुडो एलएसबीएलके -एफ

या कमांडने सगळ्या डिस्क आणि त्यांवरची पार्टिशन, म्हणजे डिस्कचे वेगळे केलेले भाग, दिसतात. एसडीए ही पूर्ण डिस्क, एसडीए१ आणि एसडीए२ ही तिची पार्टिशन. एनव्हीएमई डिस्क असेल तर नाव एनव्हीएमई०एन१पी२ असं लांबलचक असतं आणि त्यात शेवटचं पी२ म्हणजे दुसरं पार्टिशन. तपासणी पार्टिशनची करायची असते, पूर्ण डिस्कची नाही. एसडीए२ ऐवजी नुसतं एसडीए लिहिलं की सुपरब्लॉक (फाइल सिस्टीमची मूळ माहिती असलेला ब्लॉक) सापडत नसल्याची तक्रार येते आणि नवखा माणूस सगळंच गेलं असं समजून बसतो.

आकार, लेबल आणि फाइल सिस्टीमचा प्रकार, तिन्ही जुळवून पाहा. लाइव्ह यूएसबीवरून सुरू केल्यावर डिस्कची नावं बदलू शकतात, काल एसडीए होती ती आज एसडीबी होते. त्यामुळे मागच्या वेळी कागदावर टिपलेलं नाव डोळे झाकून वापरू नका. प्रकाराच्या रकान्यात क्रिप्टो_लक्स, म्हणजे कूटबद्ध केलेलं पार्टिशन, दिसलं तर आधी 'क्रिप्टसेटअप ओपन' ने कुलूप उघडावं लागेल, एलव्हीएम (डिस्कची जागा एकत्र करून तिचे भाग पाडणारी व्यवस्था) असेल तर 'व्हीजीचेंज -एवाय' ने त्यातले भाग चालू करावे लागतील, आणि तपासणी /डेव्ह/मॅपर खाली दिसणाऱ्या नावावर करायची.

पुढच्या उदाहरणांत /डेव्ह/एसडीबी१ हे ईएक्सटी४ पार्टिशन धरलं आहे. तुमचं नाव तिथे घाला.

तिसरी पायरी: डिस्क जिवंत आहे ना

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, आणि तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. आधी कर्नल काय म्हणतो ते पाहा:

सुडो डीएमईएसजी | ग्रेप -आय एरर

'आय/ओ एरर' आणि त्यापुढे सेक्टरचा क्रमांक अशा ओळी असतील, तर तक्रार डिस्कची आहे. फक्त 'ईएक्सटी४-एफएस एरर' असेल तर नोंदींची. मग डिस्कला स्वतःबद्दल विचारा:

सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी

इथे मात्र पूर्ण डिस्कचं नाव द्यायचं. वर 'पास्ड' लिहिलेलं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. डिस्क बरीच खराब होईपर्यंत तो शेरा तसाच राहू शकतो. खालच्या तक्त्यातल्या चार ओळींचा शेवटचा आकडा वाचा. क्रमांक ५, म्हणजे बदली केलेले सेक्टर. क्रमांक १९७, म्हणजे वाचता न आल्याने निर्णयासाठी अडकून पडलेले सेक्टर. क्रमांक १९८, म्हणजे दुरुस्त न झालेले सेक्टर. आणि क्रमांक १९९, जो बहुधा केबलकडे बोट दाखवतो. १९७ किंवा १९८ शून्यापेक्षा जास्त असेल, तर दुरुस्तीचा विचार बाजूला ठेवा. एफएससीके सगळ्या डिस्कवर फिरतं, लिहितं, पुन्हा वाचतं, आणि एवढा ताण मरू घातलेल्या डिस्कला सोसत नाही.

अशा वेळी डीडीरेस्क्यू वापरा. डेबियन आणि उबुंटूमध्ये त्याच्या पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे. वाचता येणारा भाग ते आधी भराभर उचलतं आणि अडणाऱ्या सेक्टरकडे नंतर वळतं:

सुडो डीडीरेस्क्यू -डी /डेव्ह/एसडीबी१ /मीडिया/बॅकअप/प्रत.आयएमजी /मीडिया/बॅकअप/प्रत.मॅप

तिसरं नाव मॅप फाइलचं. कुठला भाग वाचून झाला ते तिच्यात राहतं, त्यामुळे काम मध्येच थांबलं तरी तीच कमांड पुन्हा देऊन तिथून पुढे जाता येतं. फाइलचं आणि फोल्डरचं नाव तुमच्या सोयीचं द्या, पण प्रत ठेवायच्या डिस्कवर अख्ख्या पार्टिशनएवढी जागा हवी. मग मूळ डिस्क बाजूला ठेवून दुरुस्ती या प्रतीवर करायची. ई२एफएससीकेला (एफएससीकेचं ईएक्सटी फाइल सिस्टीमसाठीचं रूप) पार्टिशनच्या जागी प्रतीच्या फाइलचं नाव दिलं तरी चालतं.

डिस्क ठणठणीत असेल तर पूर्ण प्रत काढायची सक्ती नाही. निदान काही न लिहिता माउंट करून, म्हणजे पार्टिशन एका फोल्डरला जोडून, कामाच्या फाइल तरी काढून घ्या:

सुडो माउंट -ओ आरओ,नोलोड /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी

यातल्या 'नोलोड' मुळे जर्नलसुद्धा लागू केलं जात नाही, म्हणजे डिस्कवर एकही बाइट लिहिला जात नाही.

चौथी पायरी: अनमाउंट करा

सुडो यूमाउंट /डेव्ह/एसडीबी१

या कमांडमध्ये यू नंतर एन नाही, लगेच एम येतो. 'टार्गेट इज बिझी' असं उत्तर आलं तर 'सुडो फ्यूजर -व्हीएम /एमएनटी' ने कोण अडवून बसलंय ते कळतं. बऱ्याचदा तो तुमचाच टर्मिनल असतो, त्याच फोल्डरमध्ये उघडा असलेला.

माउंट असलेल्या फाइल सिस्टीमवर दुरुस्ती कधीही करू नका. कर्नलने नोंदींची एक प्रत मेमरीत ठेवलेली असते. खाली डिस्कवर एफएससीकेने बदल केले तरी कर्नलला त्याचा पत्ता नसतो, आणि थोड्या वेळाने तो आपली जुनी प्रत त्यावरच लिहून मोकळा होतो. ई२एफएससीके अशा वेळी मोठ्या अक्षरांत धोक्याची सूचना देतं. तिथे 'नाही' म्हणा.

रूट पार्टिशन, म्हणजे ज्यावर खुद्द सिस्टीम आहे ते, चालू सिस्टीममधून अनमाउंट होत नाही, म्हणून त्यासाठी लाइव्ह यूएसबी. ती हाताशी नसेल आणि डिस्कबद्दल शंका नसेल, तर सिस्टीमडी (सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणारा प्रोग्रॅम) असलेल्या डिस्ट्रोमध्ये ग्रबच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना येणाऱ्या, मेनूत 'ई' दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'एफएससीके.मोड=फोर्स' जोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. बदल त्या एका वेळेपुरताच राहतो. इनिटरॅमएफएसच्या पडद्यावरच अडकला असाल, तर तिथे रूट बहुधा माउंट झालेलं नसतं, त्यामुळे तिथूनही एफएससीके चालवता येतं. पण स्मार्टसीटीएल तिथे नसतं, हे लक्षात असू द्या.

पाचवी पायरी: हात न लावता पाहणी

सुडो ई२एफएससीके -एफ -एन /डेव्ह/एसडीबी१ | टी पाहणी.टीएक्सटी

'-एन' म्हणजे प्रत्येक प्रश्नाला आपोआप 'नाही', डिस्कवर काही लिहायचं नाही. '-एफ' म्हणजे वरवर सगळं ठीक दिसलं तरी पूर्ण तपास. आणि शेवटच्या 'टी' मुळे पडद्यावर येणारं सगळं फाइलमध्येही उतरतं. पुढे कोणाची मदत घ्यायची वेळ आली तर ही फाइल फार उपयोगी पडते.

तपासणीचे पाच टप्पे दिसतील: आयनोड आणि ब्लॉक, फोल्डरची रचना, फोल्डर एकमेकांना जोडलेले आहेत की नाही, प्रत्येक फाइलला किती नावं आहेत त्याची मोजणी, आणि शेवटी मोकळ्या जागेचा हिशेब. तक्रारी पहिल्या टप्प्यात जास्त असतील तर प्रकरण गंभीर आहे. फक्त पाचव्यात असतील तर किरकोळ.

ही यादी पाहून घाबरण्याआधी एक पाहा. वरच्या बाजूला 'स्किपिंग जर्नल रिकव्हरी' अशी ओळ आली असेल, तर '-एन' मुळे जर्नल लागू न करताच तपास झाला आहे. मग दिसणाऱ्या चुकांमधल्या बऱ्याचशा जर्नल लागू होताच नाहीशा होतात.

सहावी पायरी: दुरुस्ती

सुडो ई२एफएससीके -एफ -पी /डेव्ह/एसडीबी१

'-पी' ने फक्त निर्धोक दुरुस्त्या होतात. माणसाचा निर्णय लागेल असं काही आढळलं तर ते 'अनएक्स्पेक्टेड इन्कन्सिस्टन्सी' म्हणून तिथेच थांबतं. तसं थांबलं, तर पुढचा प्रयत्न परतीची वाट ठेवून करा:

सुडो ई२एफएससीके -एफ -झेड /मीडिया/बॅकअप/मागे.अंडू /डेव्ह/एसडीबी१

'-झेड' मुळे बदलण्याआधीचा प्रत्येक ब्लॉक त्या फाइलमध्ये जपला जातो. दुरुस्तीने वाटोळं केलं असं वाटलं, तर 'सुडो ई२अंडू /मीडिया/बॅकअप/मागे.अंडू /डेव्ह/एसडीबी१' ने आधीच्या स्थितीत येता येतं. ही फाइल दुसऱ्या डिस्कवरच हवी. मध्येच वीज गेली तर मात्र हिचा भरवसा नाही. एवढी चांगली सोय असून नवख्यांना ती फारशी कोणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता प्रश्न येऊ लागतील. 'फ्री ब्लॉक्स काउंट राँग' हा निव्वळ बेरजेचा घोळ, बिनधास्त 'वाय' म्हणा. 'अनअटॅच्ड आयनोड' म्हणजे फाइल आहे पण तिचं नाव हरवलंय. तिला लॉस्ट+फाउंड मध्ये जोडू का, असं विचारलं की 'वाय' म्हणा, नाहीतर ती कुणालाच सापडणार नाही. 'हॅज डिलीटेड/अनयूज्ड आयनोड' म्हणजे याच्या उलट: नाव उरलंय, मागे फाइल नाही. 'क्लिअर?' ला हो म्हटलं की ते नाव पुसलं जातं. दोन-चार असतील तर हरकत नाही. शेकड्याने येऊ लागले तर थांबा. आयनोडचा तक्ताच खराब झाला असण्याची शक्यता आहे, आणि तिथून पुढचं काम फक्त प्रतीवर करायचं.

'मल्टिप्लाय-क्लेम्ड ब्लॉक' हा संदेश जास्त लक्ष देऊन वाचा. एकाच ब्लॉकवर दोन फाइलींनी हक्क सांगितला आहे. एफएससीके त्या ब्लॉकची नक्कल करून दोघींना वेगवेगळी प्रत देतं आणि भांडण मिटवतं, पण त्यातल्या एकीच्या पोटात दुसरीचा मजकूर आहे हे तसंच राहतं. पडद्यावर दिसणारी फाइलींची नावं टिपून ठेवा आणि नंतर त्या उघडून तपासा.

सगळे प्रश्न एकाच साध्या प्रकारचे असतील आणि मागे प्रत असेल, तर '-वाय' देऊन सगळ्याला एकदम हो म्हणायला हरकत नाही. प्रत नसताना '-वाय' नको.

संपल्यावर लगेच 'इको' आणि पुढे डॉलर व प्रश्नचिन्ह जोडून टाका. ० म्हणजे चूक नव्हती, १ म्हणजे चुका दुरुस्त झाल्या, २ म्हणजे रीस्टार्ट करा, ४ म्हणजे चुका शिल्लक आहेत, ८ म्हणजे तपासणीच नीट चालली नाही. १ आलं तरी तेवढ्यावर थांबू नका. ० येईपर्यंत पुन्हा चालवा, कारण एका चुकीखाली दडलेली दुसरी पुढच्या फेरीत दिसते. प्रत्येक फेरीत नव्याच चुका निघत असतील, तर डिस्क किंवा रॅम खराब आहे. मेमटेस्ट८६+ ने रॅम तपासल्याशिवाय पुढची फेरी चालवू नका. खराब रॅमवर चालणारं एफएससीके चांगल्या नोंदीही बिघडवतं.

सुपरब्लॉकच गेला तर

'बॅड मॅजिक नंबर इन सुपरब्लॉक' असा संदेश आला, तर आधी पार्टिशनचं नाव पुन्हा ताडून पाहा. नाव बरोबर असेल, तर ईएक्सटी४ सुपरब्लॉकच्या प्रती पार्टिशनभर ठेवत असते, ही जमेची बाजू. ब्लॉक ४०९६ बाइटचा असेल, आणि बहुधा असतोच, तर पहिली प्रत ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर आणि पुढची ९८३०४ वर सापडते:

सुडो ई२एफएससीके -बी ३२७६८ /डेव्ह/एसडीबी१

आकडे टाइप करताना अर्थातच रोमन. इंटरनेटवर या प्रती शोधण्यासाठी 'एमकेई२एफएस -एन' ही कमांड सुचवलेली आढळेल. ती चालते, पण त्यातला '-एन' टाकायचा राहिला तर तीच कमांड पार्टिशन फॉरमॅट करते. घाबरलेल्या मनःस्थितीत हा धोका घेऊ नका, वरचे आकडे आधी वापरून पाहा.

लॉस्ट+फाउंड मध्ये काय आहे

दुरुस्तीनंतर पार्टिशन माउंट करून या फोल्डरमध्ये डोकवा. त्यासाठी सुडो लागेल. आत # आणि पुढे आकडा अशा नावाच्या फाइल असतील, तो आकडा आयनोडचा. 'सुडो फाइल' ही कमांड प्रत्येकीचा मजकूर पाहून फोटो आहे, पीडीएफ आहे की साधा मजकूर, ते सांगते. कधी एखादा अख्खा फोल्डर तिथे येऊन पडतो. फक्त त्याचंच नाव गेलेलं असतं, आतल्या फाइलींची नावं शाबूत असतात. म्हणून आधी फोल्डर पाहा, सुट्या फाइल नंतर.

ईएक्सटी४ नसेल तर

एक्सएफएसवर साधं एफएससीके काहीच न करता 'सगळं ठीक' असा कोड देऊन परत येतं. तिथे एक्सएफएस_रिपेअर लागतं, तेही आधी '-एन' लावून. लॉग लागू करायचा राहिलाय असं ते म्हणालं, तर पार्टिशन एकदा माउंट करून अनमाउंट करा. मोठ्या लिपीतला '-एल' हा पर्याय लॉग फेकून देतो आणि त्याबरोबर शेवटचे बदलही जातात, त्यामुळे माउंट होतच नसेल तरच तो वापरायचा.

बीटीआरएफएसवर सुरुवात 'बीटीआरएफएस स्क्रब' ने करा, ती माउंट असतानाच चालते. माउंट होत नसेल तर 'बीटीआरएफएस रिस्टोअर' ने फाइल दुसरीकडे काढता येतात. 'बीटीआरएफएस चेक' ला '--रिपेअर' जोडण्याचा मोह टाळा. त्याच्या मॅन्युअलमध्येच जाणकाराने सांगितल्याशिवाय तो वापरू नका, अशी ताकीद आहे. पेन ड्राइव्हवरच्या फॅटसाठी एफएससीके.व्हीफॅट पुरेसं असतं. एनटीएफएससाठी लिनक्समधलं एनटीएफएसफिक्स फारच थोडं करतं, तिथे विंडोजमधून चेकडिस्क चालवणंच बरं.

पुन्हा सुरू करण्याआधी

/ईटीसी/एफएसटॅब उघडून सहावा, म्हणजे शेवटचा आकडा पाहा. रूटसमोर १ आणि बाकीच्या ईएक्सटी४ पार्टिशनसमोर २ असेल, तर सुरू होताना त्यांची तपासणी होते. ० असेल तर होत नाही. त्यात शेवटच्या पूर्ण तपासणीला वर्षं उलटून गेलेली असू शकतात, कारण अमुक वेळा माउंट झाल्यावर पूर्ण तपासणी करायची जुनी पद्धत आता आपोआप चालू नसते. 'सुडो ट्यून२एफएस -एल' आणि पुढे पार्टिशनचं नाव दिलं की 'लास्ट चेक्ड' समोर तारीख दिसते. दर तीस माउंटनंतर पूर्ण तपासणी व्हावी असं वाटत असेल तर:

सुडो ट्यून२एफएस -सी ३० /डेव्ह/एसडीबी१

आणि बिघाडाचं कारण हाती लागलं नसेल, तर डिस्कची केबल बदला, स्मार्टसीटीएलचे ते चार आकडे आज लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा वाचा. ५ किंवा १९७ क्रमांकाचा आकडा तेवढ्यात वाढला असेल, तर नवी डिस्क आणण्यात दिरंगाई नको.